बोटांनी वाजवायला मऊ आवाजाची अकूस्टिक गिटार कोणती घ्यावी? रोझवूड की महोगनी?

बाकीच्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात: राहायला जळगाव जिल्ह्यातलं चोपडा. पिक (तारा छेडायची चिमटीतली छोटी पट्टी) न वापरता, गाता गाता बोटांनी वाजवायचंय. भावगीतं आणि आईकडून आलेली कानबाईची (खानदेशातल्या देवीची) गाणी. मित्राची गिटार वाजवून पाहिली तर तिचा घुमारा गळ्यावर चढतो. आवाज गोड, मऊ हवा. बजेट पंधरा हजार. एक दुकानदार म्हणतो रोझवूडची घ्या, दुसरा म्हणतो महोगनीची.

दोघांचंही सध्या ऐकू नका. लाकूड सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचा तो तुमचा उजवा हात, म्हणजे तारेला बोट किती जोरात लागतं ते. त्यावरून बॉडीचा आकार ठरतो, आणि तुम्हाला हवा तो मऊपणा मिळणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरून जातं.

मित्राची गिटार ड्रेडनॉट आकाराची असणार. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटारी त्याच घाटाच्या असतात. कंबर रुंद, बॉडी खोल, खांदे चौकोनी. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीसाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावावर विकायला सुरुवात केली. नाव घेतलं ब्रिटिश युद्धनौकेवरून, यावरून अंदाज येईल. पिकने स्ट्रमिंग करणाऱ्याला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्याला, चारचौघांत खड्या आवाजात गाणाऱ्याला ही गिटार भक्कम साथ देते. तिचा खर्ज भरपूर असतो. पण एवढी मोठी पुढची फळी नुसत्या बोटाच्या मांसल टोकाने पुरती जागी होत नाही. हळू वाजवलं तर वरच्या सुराच्या बारीक तारा पातळ लागतात आणि खर्जाच्या जाड तारा तेवढ्या घुमत राहतात. तुमच्या गळ्यावर जे चढतं ते हेच.

तुम्हाला हवी ती लहान कंबरेची: कॉन्सर्ट, ट्रिपल-ओ किंवा ओएम. नावं कंपनीगणिक बदलतात, खूण एकच. कंबर आत गेलेली, बॉडी जरा उथळ, मांडीवर घेतली की उजवा खांदा वर उचलावा लागत नाही. मार्टिनने ओएम आणली १९२९ मध्ये, तीही एका बँजोवाल्याच्या मागणीवरून. बोटांनी वाजवणाऱ्यांनी ती तेव्हापासून सोडलेली नाही. सहाही तारा सारख्या वजनाने ऐकू येतात आणि हळू वाजवलं तरी आवाज उमटतो. खर्ज कमी पडेल, हो. पण गाणाऱ्याला तोच फायद्याचा, खालची जागा गळ्यासाठी मोकळी राहते.

जाता जाता स्केलही विचारा, म्हणजे नटपासून (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकवतात ती पट्टी) तारेची लांबी. ६५० मिलिमीटरपेक्षा ६३४ ची गिटार त्याच सुरात लावली तरी तार थोडी सैल राहते. डाव्या हाताला सोपं जातं आणि आवाजही किंचित गोलसर होतो.

"मऊ, गोड, बोटांनी" हे तीन शब्द वाचून कोणीही तुम्हाला नायलॉन तारांची क्लासिकल गिटार सुचवेल. सल्ला चुकीचा नाही. आवाज खरंच मऊ असतो, बोटं सोलवटत नाहीत. पण तिचा नेक नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद आणि सपाट असतो, स्टीलच्या गिटारीचा ४३-४४. बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून, धरताना हा फरक मनगटाला कळतो. शिवाय नायलॉनचा सूर लवकर विरतो. भावगीतात दोन ओळींच्या मध्ये कॉर्ड लांबवून धरायची असेल तर तिथे स्टीलची तारच कामाला येते. दोन्ही एकदा हातात घेऊन बघा. मात्र नायलॉनची गिटार आणून तिला पुढे स्टीलच्या तारा लावायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. स्टीलचा ताण कितीतरी जास्त असतो, ब्रिज उखडून येतो. तशा गिटारी दुरुस्तीला येतात म्हणून सांगतोय.

आता लाकूड. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात.

गिटारीचा आवाज मुख्यतः पुढची फळी करते. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने, ज्याच्या घाटावर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या, पुढची फळी तेवढी चांगल्या स्प्रूसची (थंड प्रदेशातलं हलकं, पांढरट लाकूड). त्याला दाखवायचं होतं की पुढची फळी नीट असली की गिटार बोलते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडचंच सांगायचं तर २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. सहा गिटारी, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगवेगळं. ५२ गिटारवादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांच्या आवाजाला मिळालेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

याचा अर्थ रोझवूड आणि महोगनीत काहीच फरक नसतो असा माझा दावा नाही. रोझवूडला खर्ज आणि झंकार जास्त, महोगनी जरा कोरडी, सूर नेटका, असं वाजवणारे म्हणतात आणि दोन चांगल्या गिटारी शेजारी ठेवल्या तर मलाही तसं वाटतं. पण ही चर्चा लाखाच्या पुढच्या गिटारींची. तिथलं इंडियन रोझवूड म्हणजे आपली शिसवी, जुन्या वाड्यांत जिचे पलंग नि झोपाळे असतात ती. पंधरा हजारात जे "रोझवूड" मिळतं ते दुसऱ्याच लाकडाच्या प्लायवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. रंग गडद दिसतो, बस. त्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नका.

मोजायचेच असतील तर पुढच्या फळीसाठी मोजा. तिथे प्रश्न दोन. पहिला, स्प्रूस की सीडर? स्प्रूस पांढरट, सीडर तांबूस तपकिरी. हलक्या बोटाला सीडर पटकन साद देते, आवाज सुरुवातीपासून उबदार. जोरात वाजवलं की मात्र ती गोंधळते. स्प्रूस जोर सहन करते आणि आवाज जास्त स्वच्छ. तुमचं वर्णन वाचून सीडर म्हणावंसं वाटतं, पण या किमतीत स्टीलच्या गिटारीत सीडर क्वचितच दिसते. मिळालीच तर सोडू नका, नाही तर स्प्रूस.

दुसरा प्रश्न, अखंड फळी की प्लाय? जाहिरातीत "सॉलिड स्प्रूस टॉप" असेल तर अखंड. नुसतं "स्प्रूस टॉप" असेल तर प्लाय समजा. डोळ्यांनीही कळतं. आवाजाच्या गोल भोकाची कड मोबाइलच्या उजेडात बघा. वरच्या लाकडाच्या रेषा तशाच कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर अखंड, कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काही कंपन्या कड काळ्या रंगाने रंगवतात किंवा पट्टी लावतात, तेव्हा मग लेबलवरच विसंबावं लागतं.

अखंड फळीचा आवाज चांगला, वाजवता वाजवता आणखी खुलतो, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. पण ते लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना काढलेला नसतो. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की दुपारी हवेत वीस टक्केही ओलावा उरत नाही, आणि जुलैत तीच हवा ऐंशीच्या वर. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला आकसतं. फळी खाली बसते, तारा फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासून खरखरतात, नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात, आणि कोणी लक्ष दिलं नाही तर ब्रिजच्या खालून उभी चीर जाते. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने हे फारसं होत नाही. म्हणून माझं इथल्या लोकांना सरळ सांगणं असतं: गिटार खिळ्याला टांगलेलीच राहणार असेल तर प्लायची घ्या, त्यात कमीपणा काही नाही. केसमध्ये ठेवायची शिस्त असेल तर अखंड फळी, पण पाठ आणि बाजू प्लायच्या. आपल्या हवेला हाच मेळ बरा.

मॉडेलची नावं हवी असतात म्हणून: बजेटात यामाहाची एफएस१००सी बघा, लहान कंबरेची, प्लाय टॉप. थोडे पैसे वाढवता आले तर एफएस८००. तिची फळी अखंड स्प्रूसची, स्केल ६३४. एफजी८०० शेजारीच टांगलेली असते आणि जवळजवळ त्याच भावात मिळते, पण ती ड्रेडनॉटच्याच जातीची आहे, दुकानदाराने हातात दिली तरी परत ठेवा. सगळे सुचवतात ती एफ३१० टिकाऊ आहे, शिकायला उत्तम आहे, फक्त तुमच्या आवाजाची नाही. नायलॉनकडे वळलात तर सी४०. भाव दर काही महिन्यांनी हलतात, म्हणून आकडे लिहीत नाही.

इकडे लहान कंबरेची गिटार दुकानात असेलच असं नाही. ऑनलाइन मागवण्याआधी एकदा नाशिक, सुरत किंवा इंदूर, नाही तर मुंबईला धोबी तलावला जाऊन हातात घेऊन बघा. बघताना दुकानातला पोरगा जे सफाईदार तुकडे वाजवून दाखवतो त्यांवर जाऊ नका. तो कुठल्याही गिटारीवर तेच वाजवतो. स्वतःचं एक गाणं, स्वतःच्या पट्टीत, कॅपो (पट्टी चढवायला नेकवर लावायचा चिमटा) लावून, घरी रात्री म्हणता तेवढ्याच हळू आवाजात म्हणा. शब्द स्वतःला स्पष्ट ऐकू येतायत का बघा. मग पोराला वाजवायला सांगून समोर बसा, कारण गिटारीचा आवाज समोर जातो, वाजवणाऱ्याला अर्धाच कळतो.

स्टीलची छोटी पट्टी खिशात न्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेची दोनच्या आसपास असावी. चार असेल तर बोटं महिन्याभरात कंटाळतात, मग आवाज कितीही गोड असो. सुतार फळीची धार डोळा मिटून बघतो तसं नेककडे बघा, पीळ दिसला तर ती बाजूला ठेवा. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवलेला सूर आणि तिथेच हलकं बोट ठेवून काढलेला हार्मोनिक एकच यायला हवा. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करायची आतली सळई, आहे ना, तेही विचारा. आणि भिंतीवर वर्षभर टांगलेल्या गिटारीच्या तारा गंजलेल्या असतात. तिचा आवाज मऊ वाटला तर तो गंजाचा मऊपणा असू शकतो. नव्या तारा टाकायला लावा, मगच ठरवा.

तारांबद्दल थोडं, कारण हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. १२ नंबरचा सेट काढून जरा बारीक तारांचा ११ चा लावा, फॉस्फर ब्राँझचा. ८०/२० ब्राँझ जास्त चमकदार वाजतं, तुम्हाला ते नकोय. सिल्क अँड स्टील नावाचा सेट मिळाला तर तो आधी. ताण कमी, आवाज नायलॉनच्या दिशेने झुकलेला. मित्राच्या ड्रेडनॉटवरच तो चढवून, उजवा हात ब्रिजपासून नेककडे सरकवून, नख न लावता वाजवून बघा. कदाचित खरेदी वर्षभर पुढे ढकलता येईल.

घेतलीत तर उन्हाळ्यात केस बंद ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात पिळून काढलेला ओला स्पंज ठेवला आणि ती डबी केसमध्ये नेकच्या बाजूला सरकवली की पुरतं. थेंब गळता कामा नये. तीन-चारशेचं आर्द्रता दाखवणारं मीटर सोबत टाका. कूलरच्या खोलीत गिटार सुखात राहते, पण त्याच्या झोतासमोर नको. दिवसभर ओला वारा आणि वीज गेली की भट्टी, या चढउतारात डिंक सुटतो. उन्हात उभ्या गाडीत तर दहा मिनिटंही ठेवू नका. श्रावणात कानबाईच्या सुमारास फळी फुगून तारा वर आलेल्या जाणवतील. तेव्हा सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पांढरी पट्टी) घासून घ्यायची घाई करू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या आपोआप खाली येतात, आणि घासलेलं सॅडल परत वाढत नाही.