ओरडू की गोड बोलू?

प्रश्न : मी डिप्लोमा मेकॅनिकल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आठ वर्षं मशीन शॉपला आहे. सहा महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. हाताखाली १४ जण. त्यातल्या दोघांनी मला मशीनचं सेटिंग शिकवलं, त्यांना मी अजून काकाच म्हणतो. बाकी निम्मी कंत्राटी पोरं. आधीचे सुपरवायझर शिव्या द्यायचे, पण उत्पादनाचा आकडा निघायचा. आपण तसं वागायचं नाही असं ठरवून पहिले दोन महिने सगळ्यांशी गोड बोललो. रिजेक्शन (तपासणीत नापास होणारे नग) वाढलं, मॅनेजरने झापलं, आणि एक दिवस मी सगळ्यांसमोर एका काकांवर ओरडलो. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात. रविवारी ओटीला (जादा कामाला) बोलावलं तर निम्मे येत नाहीत. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं, तिथे ४० प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि सांगितलं की तुमची नेतृत्वशैली 'लोकशाही' आहे. मला तर हसूच आलं. माझी शैली नक्की कोणती? आणि ती असते की घडवावी लागते?
— आर. जी., नाशिक

उत्तर : कागद फाडू नका, पण फ्रेम करून भिंतीलाही लावू नका. 'मी निर्णयाआधी सहकाऱ्यांचं मत घेतो' असं छापलेलं असल्यावर 'कधीच नाही'वर खूण कोण करतो? मीही केली नसती.

हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक हे जे तीन कप्पे तुम्हाला शिकवले, ते मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या प्रयोगातून आले. अमेरिकेतल्या आयोवातला हा प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, प्रत्येक गटावर एक मोठा माणूस नेमला आणि निरीक्षक बाजूला बसून काय चाललंय ते टिपत राहिले. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम ढेपाळायचं. एकत्र ठरवून काम करणाऱ्या गटाचं फारसं अडायचं नाही. म्हणजे तुम्ही कसे आहात हे तुमच्या खुणांवरून नाही, तुमच्या गैरहजेरीवरून कळतं. तुमच्या आधीच्या साहेबांचा आकडा निघायचा म्हणता. ते रजेवर असताना किती निघायचा? रजिस्टर तुमच्याच कपाटात असणार. आणि ते उघडलंच आहे तर या सहा महिन्यांत तुम्ही रजेवर होता ते दिवसही बघून घ्या.

आता माझं सांगतो. १९८३ साली मी नाशिकच्याच सातपूरला ॲप्रेंटिस म्हणून लागलो. १९९६च्या पावसाळ्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. दुसरी पाळी, बेअरिंग हाउसिंगचं काम, ६२ मिलिमीटरचं बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स ३० मायक्रॉन, म्हणजे मापात ०.०३ मिलिमीटरचाच फरक चालतो. रात्री नऊला तपासणीत कळलं की ४३ नग मोठ्या बोअरचे झालेत. बोअर लहान राहिलं तर परत कापता येतं. मोठं झालं की थेट भंगार. बोरिंग बारचा (भोक कापणाऱ्या दांड्याचा) स्क्रू ढिला होऊन कापणारी टिप बाहेर सरकली होती. मी लाइनवर उभा राहून जे काही बोललो ते इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कामगार, चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "साहेब, साडेसातलाच मला मशीनचा आवाज वेगळा वाटला होता. तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही फोनवर होता. हात केला." आणि त्याने तो हात करून दाखवला. पंजा उघडा, बोटं जुळलेली, मान दुसरीकडे. थांब. मग तो गेला तो गेलाच, आणि मीही त्याला हाक मारली नाही.

घरी बायकोला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "हा हात मी लग्नापासून बघतेय."

हे एवढं रंगवून सांगतोय, कारण त्याआधीही मी आत्मपरीक्षण करत होतो. अगदी प्रामाणिकपणे. मला कोणी विचारलं असतं तुमचा दोष काय, तर ताडकन सांगितलं असतं की मी तापट आहे. आपल्याकडे हे कबूल करायला काहीच लागत नाही. 'तापट आहे, पण मनाने साफ' हे तर जवळजवळ कौतुकच. तसंच 'मी फार गोड स्वभावाचा, म्हणून लोक गैरफायदा घेतात.' हेही कौतुकच! (हा दुसरा तुमच्यासाठी.) माझा खरा दोष राग नव्हताच. समोर आलेल्या माणसासाठी मी थांबत नव्हतो. हे माझ्या तोंडून कधी निघालं नसतं, कारण मला ते दिसतच नव्हतं. हात माझा, पण दिसत होता समोरच्याला.

तुम्ही बारीक मापाला मायक्रोमीटर वापरता. जबडे मिटल्यावर शून्याऐवजी ०.०२ दाखवत असेल तर तुम्ही तो फेकून देत नाही. २४.४६ वाचता, २४.४४ लिहिता. माणसाचंही तेच करायचं. पन्नाशीत माझा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही, हात अजूनही उठतो. पण चूक किती आणि कुठल्या बाजूची हे कळल्यावर वजावट करता आली. पाळीची पहिली वीस मिनिटं फोन न घेता लाइनच्या शेवटच्या मशीनपासून उलटा चालत यायचो. आणि सेटरला सांगून टाकलं की शंका आली तर मला न विचारता मशीन बंद करायचं. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, तीच कल्पना. आमच्याकडे दोरी नव्हती एवढंच. पहिल्या महिन्यात तीनदा उगाच मशीन बंद पडलं. ते मी गिळलं. ते गिळलं नसतं तर चौथ्यांदा कोणी बंद केलं नसतं.

मग आपली चूक किती हे मोजायचं कसं? मीटिंग घेऊन 'माझ्याबद्दल मोकळेपणाने सांगा' असं म्हणू नका. कंत्राटी पोरगा काय सांगणार? त्याचा गेटपास तुमच्या सहीवर असतो. प्रश्न बारीक विचारा : 'गेल्या आठवड्यात मला काही सांगायचं होतं आणि राहून गेलं, असं झालं का?' पहिला म्हणेल, काही नाही. दुसरा म्हणेल, जाऊ द्या साहेब. तिसऱ्याच्या तोंडून काहीतरी निघेल, आणि त्या क्षणी तुम्हाला खुलासा करायची प्रचंड ऊर्मी येईल. करू नका. 'बरं' म्हणा आणि निघा. स्टोअरवाला आणि तुमच्या खात्यातून बदलून गेलेला माणूस हे दोघं सगळ्यात खरं बोलतात, त्यांना काही मिळवायचं नसतं.

दुसरं, एक खिशातली डायरी. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर सांगायचे की महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि नऊ ते बारा महिन्यांनी पडताळा. मशीन शॉपमध्ये एवढा दम कोणाला? मी ते पंधरा दिवसांवर आणलं. 'नव्या पोराला ग्राइंडिंगला लावला, आठवड्यात हात बसेल.' पंधरा दिवसांनी बघतो तर पोरगा तसाच चाचपडतोय, आणि त्याच्या शेजारी कोणाला बसवायचं हे मी ठरवलंच नव्हतं. अशा ११ नोंदींपैकी ७ ठिकाणी माझी चूक एकाच जातीची निघाली : मी एकदा सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं, असं मी धरून चालायचो. ४० प्रश्नांच्या कागदात हा प्रश्न नसतो.

तेव्हा शैली शोधत बसू नका. सहा महिने चुका वजा करत राहिलात की जे उरेल त्याला लोकच नाव देतील, बहुधा तुमच्या पाठीमागे.

काकांचं मात्र लगेच करा. ओरडलात सगळ्यांसमोर, तर चूक झाली हेही सगळ्यांसमोरच म्हणा, पाळी सुरू होताना, एका वाक्यात. 'पण रिजेक्शन फार होतं ना' असं शेपूट लावू नका. नंतर त्यांच्या मशीनवर जा, गेज (माप तपासायचं साधन) त्यांच्याच हातात द्या आणि विचारा, काका, या बोअरचं माप सरकतंय कशामुळे? खरंच माहीत नसेल तरच विचारा हं. नाटक त्यांना तुमच्या आधी कळेल. दोन महिने गोड बोललात, त्यात असं काही विचारलं होतं का? तुमच्या पत्रात तरी ते दिसलं नाही.

आणि रविवारच्या ओटीचा तुमच्या शैलीशी संबंध जोडू नका. सहा दिवस राबलेला माणूस सातव्या दिवशी घरी राहतो, त्यात तुमचं नेतृत्व कुठे आलं? १४ जणांत १७ जणांचं काम बसवलेलं असेल तर तो हिशेब कागदावर मांडून मॅनेजरकडे न्या.