नेटवर्कची मोजदाद सुरू करण्याआधी

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सुमारे ४०० संगणक, ३० स्विच, शिवाय प्रिंटर आणि कॅमेरे आहेत. यादी आपोआप व्हावी म्हणून डिस्कव्हरीचं (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं) सॉफ्टवेअर चालवलं. निम्मी उपकरणं ‘अनोळखी’ म्हणून आली, काही आलीच नाहीत. काय चुकलं?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. जे उपकरण आलंच नाही, तिथवर सॉफ्टवेअर पोहोचलं नाही. जे अनोळखी म्हणून आलं, ते सापडलं. पण त्याने माहिती दिली नाही.

आधी न आलेली उपकरणं. ज्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) स्कॅनर, म्हणजे हे सॉफ्टवेअर, बसवलाय, तिथली यंत्रं एआरपीमुळे (त्याच भागात ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारणाऱ्या हाकेमुळे) सापडतात, अगदी पिंगला (‘आहेस का?’ या चौकशीला) उत्तर देत नसली तरी. एआरपी राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या व्हीलॅनमध्ये सगळी भिस्त पिंगवर, आणि विंडोजची फायरवॉल पिंग बहुधा अडवते. तेव्हा स्कॅनरच्या पत्त्यापुरती परवानगी ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या विंडोज यंत्रांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून) द्या. तपासायच्या पत्त्यांची यादी मुख्य स्विचच्या राउटिंग टेबलवरून (कोणते पत्ते कुठे आहेत त्या तक्त्यावरून) काढा, आठवणीतून नको. दहाने सुरू होणारी सगळी रेंज सरसकट टाकलीत, तर १ कोटी ६७ लाख पत्ते तपासत बसावं लागेल. एका /२४ सबनेटमध्ये (पत्त्यांच्या छोट्या गटात) मात्र फक्त २५४ असतात. आणि स्कॅन रात्री लावू नका, तेव्हा प्रयोगशाळेतले संगणक बंद असतात.

आता अनोळखी. स्विच आणि प्रिंटर एसएनएमपीवर (उपकरणाला त्याची माहिती विचारण्याच्या पद्धतीवर) बोलतात, यूडीपी पोर्ट (म्हणजे दाराचा क्रमांक) १६१. इथे एक गोष्ट फार छळते : एसएनएमपीच्या आवृत्ती २ मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा परवलीचा शब्द) चुकली, तर उपकरण ‘चूक’ असं सांगत नाही, गप्प बसतं. फायरवॉलने अडवलं तरी तीच शांतता, स्विचच्या परवानगी-यादीत स्कॅनरचा पत्ता नसला तरी तीच. म्हणून स्कॅनरच्याच यंत्रावरून एका स्विचवर एसएनएमपीवॉक (एसएनएमपीवरून माहिती मागवणारी आज्ञा) चालवून पाहा. मॉडेलचं नाव आलं की मगच पुढे. स्ट्रिंग अजून ‘पब्लिक’ असेल तर ती आजच बदला. जमेल तिथे आवृत्ती ३ वापरा.

विंडोजसाठी डब्ल्यूएमआय (विंडोज यंत्राची माहिती दूरवरून देणारी सोय) लागतं. नुसतं १३५ पोर्ट उघडून भागत नाही. पुढचं बोलणं ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्याही पोर्टवर होतं. लोकल ॲडमिन खातं दिलंत, तर यूएसी (विंडोजची अधिकारांवर लगाम ठेवणारी सोय) दूरवरून त्याचे अधिकार कापते. डोमेनचं (एका यंत्रापुरतं नसलेलं, सगळीकडे चालणारं) स्वतंत्र खातं करा. पासवर्ड नीट टाइप करून एका यंत्रावर तपासा. चुकीचा पासवर्ड घेऊन सॉफ्टवेअर ४०० दारं वाजवेल आणि ते खातंच लॉक होईल.

हे झालं की एकच सबनेट घ्या, जिथली यंत्रं हाताने मोजलेली आहेत. आकडा जुळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. जास्त आला, तर एकच राउटर प्रत्येक इंटरफेसच्या (नेटवर्क-जोडणीच्या) पत्त्याने वेगळा मोजला गेलाय का बघा. सीरियल नंबरवरून ते एकत्र करता येतात.

प्रश्न : स्कॅन चालू असताना कार्यालयातल्या प्रिंटरमधून अगम्य अक्षरांचे कागद निघाले. व्हायरस असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पोर्ट ९१०० वर जे येईल ते प्रिंटर छापतो, मग तो स्कॅनरचा चौकशीचा मजकूर का असेना. तो पोर्ट स्कॅनमधून वगळा. प्रिंटरची माहिती एसएनएमपीवरून मिळतेच.