सात नंबरचे पांढरे मोजे

"मॅडम, बाकी काही नको. फुटबॉलचा क्लब चांगला आहे का, तेवढं सांगा."

खुर्चीत टेकता टेकताच बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. बियाणे कंपनीच्या पॅडचं पान, माथ्यावर सोयाबीनच्या शेंगा छापलेल्या. मधोमध रेघ मारून डावीकडे 'फायदे', उजवीकडे 'तोटे'. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, हिशेबाचा माणूस. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. त्याचं नाव इथे सांगत नाही. पहिल्या दिवशी तो सात नंबरची जर्सी घालून आला होता, म्हणून माझ्या वहीत त्याची नोंद 'सात नंबर' अशीच आहे. तिघांना विचारून हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. कागद मात्र होता तसाच.

मार्चचा पहिला आठवडा. लातुरात या दिवसांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईबापांचे प्रश्न ठरलेले: अकरावीला कोणता क्लास, लेकरू रात्री झोपत नाही, टेस्टला मार्क कमी पडले. फुटबॉल घेऊन आलेलं हे पहिलंच जोडपं, त्यामुळे खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे फुटबॉल संघ आहेत, तिथल्या आजोबाला पण ऑफसाइड कळतो. आपल्याकडे खो-खो, कबड्डी, कुस्ती मातीतली. फुटबॉल आला तो इंग्रजी शाळांच्या मागून आणि मोबाइलवरून. म्हणून क्लबची पारख कशी करायची हे सांगणारं माणूस घरात नसतं. क्लबच्या पोस्टरवर जे छापलेलं असतं, तेच फायद्यांच्या रकान्यात उतरतं.

डावीकडे होतं: सर लायसन्सवाले. किट मिळतं. क्लब रजिस्टर्ड. गोव्याला टूर्नामेंट. दहावीला वाढीव गुण. सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण. आणि सर्वांत वर, दोनदा अधोरेखित: 'यंदा 23 गोल'. उजवीकडे आईचं अक्षर: अभ्यास. गुडघे. ऊन. आठवीपासून क्लासची फाउंडेशन बॅच. रात्रीचा मुक्काम कोणासोबत?

अडलं होतं ते फीवर. साध्या बॅचचे महिन्याला आठशे. पण क्लबने 'स्पेशल बॅच' काढली होती, तिचे वर्षाचे अठरा हजार, 31 मार्चच्या आत एकरकमी भरले तर दोन हजार सूट.

मी हुशारी केली. कागद पुढे ओढला आणि एकेक मुद्दा तपासत बसले. वाढीव गुण मिळतात, पण ते क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांसाठी. खेळाडूने जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या शाळेमार्फत चढायच्या असतात. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. गोव्यातल्या खासगी टूर्नामेंटचा चषक दिवाणखान्यात शोभतो, बोर्डाला चालत नाही. 5 टक्के आरक्षणाचंही तसंच. तिथे प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून ती कसून होते. 'रजिस्टर्ड' म्हणजे नेमकं काय, हेही विचारा म्हटलं. धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवणं वेगळं, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय प्रणालीत खेळाडूची नोंदणी करणं वेगळं. लायसन्सचंही तेच. महासंघाचं 'डी' लायसन्स ही सुरुवातीची पायरी. ते असणं चांगलं, पण त्या कागदावरून माणूस लेकरांशी कसा वागतो ते कळत नाही.

आईच्या रकान्यालाही उत्तरं दिली. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर चांगला घाम येईल अशी हालचाल हवी म्हणते, तेव्हा दीड तास खेळल्याने अभ्यास बुडत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून साडेचारचा सराव असेल तर नाही म्हणा. सकाळी साडेसहा किंवा दिवस कलल्यावर. हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारायची, उजळणी या वयात नको. इंग्लंडच्या संघटनेने 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ती काढली, अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्यांना त्याआधीपासूनच बंदी आहे. आणि मुक्कामाचा प्रश्न तर सोडूच नका. सोबत कोण, खोलीत कोण, मुलाला कधीही घरी फोन करता येईल का. हे विचारल्यावर ज्या क्लबचा चेहरा पडतो, तिथे लेकरू पाठवायचं नाही.

चाळीस मिनिटं झाली. बाबा खूश. मीही. डायरी मिटली, आणि दाराशी चपला घालता घालता आई म्हणाली, "एक विचारू का मॅडम? याचे मोजे हल्ली मळतच नाहीत."

"म्हणजे?"

"मुरमाचं मैदान आहे. आधी नडगीपर्यंत तांबडे व्हायचे, ब्रशने घासून हात दुखायचे. दिवाळीपासून नुसते तळवे मळतात. वर पांढरे फेक."

बाबा हसले. "पाय उचलून खेळायला शिकलाय आता." मीही हसले. पुढचं जोडपं बाहेर थांबलं होतं. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं. इतकी वर्षं हे काम करून एवढं तरी कळायला हवं होतं, की खरी गोष्ट दाराशी निघते आणि ती बहुतेक वेळा धुणं धुणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

पुढच्या आठवड्यात मुलगा एकटा आत आला. 'तुला आवडतं का तिथे' असं विचारलं की या वयाची मुलं 'हो' म्हणून मोकळी होतात. मी कागद आणि पेन्सिल दिली, म्हटलं मैदान काढ. त्याने मन लावून काढलं. दोन गोल, सरांची मोटारसायकल, कुंपणाशी लिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याचे दोन जार. मग विचारलं, तू कुठे? त्याने जारांशेजारी दोन काड्यांची माणसं काढली.

"हा मी. आणि हा आमच्या वर्गातला."

"तुमचा नंबर आला की आत जाता?"

"हां." जरा थांबून, "शेवटी शेवटी. स्पेशल बॅचचं झालं की. बॉल बाहेर गेला की आम्ही आणतो. सर म्हणतात, बघून पण शिकता येतं."

चौतीस मुलं, दोन सर, सहा चेंडू. हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता. मग मी विचारलं, "आणि गोल?" तेव्हा पेन्सिल थांबली.

गोल झाले नव्हते. बाबा दुकान बंद करून नऊला घरी येतात, ताटावर बसताना विचारतात, "आज किती?" पहिले काही दिवस तो 'झाला नाही' म्हणाला. बाबा रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणून भाकरी मोडायला लागले. ते 'बरं' त्याला सोसवेना. एका रात्री तो 'एक' म्हणाला. बाबांनी आईला हाक मारून सांगितलं, अहमदपूरला आत्याला फोन लावला. त्यानंतर दर आठवड्याला एखादा. बाबा मोजत होते, म्हणून त्यालाही मोजावं लागत होतं. जास्त सांगितले तर सरांना फोन करतील, कमी सांगितले तर 'बरं' म्हणतील. अकरा वर्षांचं पोर असा हिशेब सांभाळत होतं.

मी विचारलं, हे घरी कोणी सांगायचं? तू, मी, की दोघं? बराच वेळ तो जारांना रेघा मारत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी एकदा बघायला यावं. पण मी सांगितलं असं नको."

त्याचं म्हणणं मला पटलं. बाबांना बोलावून मी सांगितलं, फी भरण्याआधी एक सराव पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. फोन आईकडे द्या. जो पोरगा तुम्हाला सर्वांत कच्चा वाटेल तो निवडा, आणि दीड तासात त्याच्या पायाला किती वेळा चेंडू लागतो ते मोजा. चांगल्या खेळणाऱ्याकडे बघून क्लब कळत नाही. तो कुठेही खेळेल, गल्लीत डबा लाथाडत पण खेळेल. फीच्या पैशांचं काय होतं ते कच्च्या पोराकडे बघून कळतं.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. सोमवारी दुकान नोकरावर सोडून आले. तसंच शेंगांचं पान, त्यावर पाच-पाचच्या रेघांचे गठ्ठे.

"अकरा. त्यातले सात बाहेरून आणून दिलेले." पान उलटं करून ठेवलं. "आधी मी दुसऱ्याच लेकराला धरलं होतं. मग बघतो तर आमचं पण तिथंच. दोघं एकाच झाडाखाली." पाणी प्यायले. "मॅडम, मग ते तेवीस?"

मी काही बोलले नाही. मग ते चिडले, तेही साहजिक होतं. "माझ्याशी खोटं का बोललालंय? मी काय मारतो का?" मी त्यांचा पहिला कागद जपून ठेवला होता, तो समोर ठेवला. वरची ओळ त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. "दोनदा रेघ मारलीय मी," एवढंच म्हणाले.

क्लबबद्दल मला राग आला होता, पण आईबाबांच्या संमतीने सरांना भेटल्यावर तो थोडा उतरला. चोवीस वर्षांचा मुलगा, विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. मालक वेगळा. मैदानाचं भाडं स्पेशल बॅचच्या पैशांतून निघतं, आणि त्या पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर रोज व्हिडिओ लागतात. "बाकीच्यांचं मला पण दिसतं मॅडम," म्हणाला. मी त्याला विचारलं, अकरा-अकराचा सामना कशाला? मैदान आडवं कापून चार-चार, पाच-पाचच्या चार जोड्या लावल्या तर झाडाखाली कोणी उरणारच नाही, चौघांत लपायला जागा नसते. आणि अकरा वर्षांच्या पोरांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू का, बारापर्यंत चार नंबरचा असतो ना? हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बुधवारी करून बघतो म्हणाला, कारण बुधवारी मालक येत नाही.

दुसरा पर्याय आईने शोधला. तिच्या मैत्रिणीच्या शाळेत क्रीडा शिक्षक संध्याकाळी फुकट खेळवतात. तिथे विटांचे गोल, चार मुली, निम्मी पोरं अनवाणी, आणि सगळी पळणारी. मला मोह झाला की हेच खरं म्हणावं. पण आई त्यातही डोळस. तिथे पाणी नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही, सर जोरात ओरडतात, आणि निवडणुकीची ड्यूटी लागली की पंधरा दिवस सगळं बंद. मात्र शालेय स्पर्धेत उतरायचं तर रस्ता अशाच सरांकडून जातो.

काय करावं हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की एकरकमी काही भरू नका, महिन्याचे महिन्याला द्या, म्हणजे निघायचा रस्ता मोकळा राहतो. सूट ही बहुतेक वेळा माणूस अडकवण्यासाठीच असते, हे खताच्या धंद्यातल्या माणसाला मी काय सांगणार. मुलाने स्वतःच ठरवलं: क्लबमध्ये बुधवार आणि शनिवार, साधी बॅच, बाकी दिवस विटांच्या गोलात. गोव्याला नाही. आठवीच्या फाउंडेशनचं भांडण अजून शिल्लक आहे, ते पुढच्या वर्षी होईल. तोवर मी एवढंच बघते की अकरावीतली जी मुलं माझ्याकडे येतात त्यांना 'शेवटचं कधी खेळलास' विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'सातवीत' असतं.

बाबांना ताटावर काय विचारायचं ते सुचेना. महिनाभर ते गप्पच जेवत होते, आणि मुलाला वाटलं अजून चिडलेत. मग एक दिवस त्यांनी "आज कोणाकोणासोबत खेळलास?" विचारलं, तर त्याने वीस मिनिटं सांगितलं. भाकरी गार झाली, असं आई म्हणाली.

शेवटच्या भेटीला, जूनमध्ये, मुलगा आत आला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. तेवीस खोटे नव्हते. बावीस होते."

"म्हणजे?"

"एक खरा होता. पंधरा ऑगस्टच्या मॅचला. पण आता सांगितलं तर बाबांना खरं वाटणार नाही."

"मला सांग की."

तो उठला. माझी खुर्ची भिंतीकडे सरकवली, तो गोल. पाण्याची बाटली जमिनीवर ठेवली, तो बचाव करणारा. "पाऊस पडून गेलेला. बॉल असा तिकडून आला. मी मारलाच नाही खरं तर. इथं लागला," असं म्हणून त्याने नडगीवर बोट ठेवलं, "आणि गेला."

मी दार उघडून बाबांना आत बोलावलं आणि म्हटलं, बसा, आणि ती बाटली तेवढी हलवू नका.