रिमोटचं हेलिकॉप्टर आपटल्यापासून जागेवरच गरगर फिरतं, वर जात नाही. घरी दुरुस्त होईल का? आणि उडवायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या वाढदिवसाला आणलेलं हेलिकॉप्टर तिसऱ्याच दिवशी कपाटावर आपटलं, तेव्हापासून पंखे फिरतात पण ते स्वतःभोवतीच गिरक्या घेत बसतं, आणि दुकानदार म्हणतो नवीन घ्या. एवढ्यात घेऊ नका. ही लक्षणं मला तोंडपाठ आहेत.

मी काही तंत्रज्ञ नाही. बँकेत कारकुनी केली, निवृत्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने असंच एक हेलिकॉप्टर आणलं, आपटलं आणि माझ्याकडे टाकून गेला. खोक्यावर कंपनीचं नावही धड नव्हतं, पण रचना सायमा कंपनीच्या एस१०७ या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरसारखी: एकावर एक दोन पंखे, डोक्यावर वजनदार टोकांची आडवी कांडी, शेपटीला एक चिमुकला पंखा, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या वर्णनावरून तुमचंही त्याच जातीचं दिसतंय.

आधी ते गरगर का फिरतं ते बघू, म्हणजे खोलायचं कुठे ते कळेल. पंखा एका दिशेला फिरला की धड उलट दिशेला फिरू पाहतं. एकच मोठा पंखा असलेल्या हेलिकॉप्टरला म्हणून शेपटीला उभा पंखा लागतो. आपल्या खेळण्यात वरचा आणि खालचा पंखा एकमेकांच्या उलट फिरतात, दोघांची ओढ फिटंफाट होते आणि धड स्थिर राहतं. (आपल्या नौदलाकडची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं याच तत्त्वावर उडतात. हे कळल्यावर माझ्या मनात त्या खेळण्याची पत एकदम वाढली.) डावी-उजवीकडे वळायचं असलं की एका पंख्याचा वेग थोडा वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा. शेपटीचा पंखा इथे आडवा असतो. तो फक्त शेपूट उचलतो किंवा दाबतो, त्यावर पुढे-मागे जाणं ठरतं.

म्हणजे तुमच्याकडे दोनांपैकी एक पंखा मंद पडलाय. कोणता, ते ओळखायची सोपी खूण आहे: धड ज्या दिशेला गिरक्या घेतं, त्याच दिशेला फिरणारा पंखा आजारी. पंखा कुठल्या दिशेला फिरतो ते पात्याकडे बघून कळतं. जाड, गोलसर कड पुढे असते आणि धारेसारखी पातळ कड मागे.

आता बटण बंद करून एक पंखा बोटांनी धरा आणि दुसरा हलकेच फिरवा, मग उलट करून बघा. दोन्ही सारख्याच सहजतेने फिरले पाहिजेत. माझा खालचा अडत होता. खालच्या दातेरी चाकांवर भिंग धरून बघितलं तर दांडीभोवती केस गुंडाळलेला. माझाच, हातभर लांब! भुवया कोरायच्या चिमट्याने काढायला अर्धा तास लागला. तुमच्या घरी मुलीचे केस लांब असतील तर आधी तिथेच बघा. गालिच्याचे धागेही तसेच गुंततात.

केस नसेल तर मोटरच्या दांडीवरचं इवलंसं दातेरी चाक बघा. आपटल्यावर ते वर सरकतं किंवा त्याला चीर जाते. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पंखा मात्र सुस्त. सरकलं असेल तर नखाने दाबून जागेवर बसवा. चीर गेली असेल तर बदला. फेव्हिक्विकच्या मोहात पडू नका, तो पातळ असतो, मोटरच्या आत उतरतो आणि कायमचा बसतो. हे स्वानुभवाने सांगतेय.

आणखी एक, मोडकी पाती कुणी बदलली असतील तर वरची खाली आणि खालची वर लागली नाहीत ना, ते तपासा. दोन्ही जोड्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात. अदलाबदल झाली तर तो पंखा हवा वर फेकतो आणि हेलिकॉप्टर जमीन सोडत नाही. पात्यांचे स्क्रूही करकचून आवळायचे नसतात. पातं सांध्यात सैल झुललं पाहिजे, म्हणजे आपटल्यावर दुमडतं, मोडत नाही.

उडताना डुलत असेल तर डोक्यावरच्या कांडीचा सांधा निखळलेला असतो, अंगठ्याने दाबला की टक्‌ करून बसतो. वर-खाली जातं, वळतं, पण पुढे जात नाही? मग शेपटीच्या मोटरची केसासारखी बारीक तार तुटली. तिच्यावर लाखेसारखा लेप असतो, तो ब्लेडने खरवडल्याशिवाय तार जोडायचा सोल्डरचा डाग धरत नाही. माझे पहिले तीन डाग त्यापायीच वाया गेले.

बॅटरीचं मात्र जरा गांभीर्याने घ्या. आत ३.७ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी असते, बहुतेक १५० एमएएच क्षमतेची. फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका, नवी घाला. जुनी काढताना लाल आणि काळी तार एकत्र कापायची नाही. एक कापायची, तिच्या टोकाला चिकटपट्टी लावायची, मगच दुसरी. एका कात्रीने दोन्ही कापल्या तर तिथेच ठिणगी. मी पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत गेले आणि शहाणपणा करून ५०० एमएएचची आणली, म्हटलं जास्त वेळ उडेल. दुपटीहून जड बॅटरी पोटात घेऊन ते बिचारं फरशीवर घुं घुं करत बसलं. होती तेवढीच घ्या. चार्जिंगला ४०-५० मिनिटं, उडणं ६ ते ८ मिनिटं, हा हिशोब मुलीला आधीच सांगून ठेवा. उडवून झाल्यावर दहा मिनिटं गार होऊ द्यायचं, मग चार्जिंगला लावायचं, आणि चार्ज होत असताना झोपायला जायचं नाही.

काहीच हालचाल नसेल तर रिमोट तपासा. बहुतेक स्वस्त हेलिकॉप्टरं टीव्हीच्या रिमोटसारख्या अवरक्त किरणांवर चालतात. मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या नाकासमोर धरा आणि डावी काडी (वर-खाली नेणारा दांडा) वर सरकवा. स्क्रीनवर जांभळट उजेड दिसला तर रिमोट ठीक, नाहीतर सेल बदलून बघा (काही मोबाईलच्या कॅमेऱ्यांना हे किरण दिसतच नाहीत). बऱ्याच रिमोटमध्ये सुरू केल्यावर डावी काडी एकदा पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणावी लागते, त्याशिवाय जोडणी होत नाही. गच्चीवर उन्हात हे चालणार नाही, सूर्यप्रकाशात हे किरण हरवून जातात. घरातच उडवा.

आता शिकण्याचं. छताचा पंखा बंद. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. पडदे बांधून ठेवा, फरशी मोकळी करा आणि हेलिकॉप्टरची शेपूट आपल्याकडे करून मागे उभं राहा. पहिले दोन-तीन चार्ज फक्त डावा अंगठा, उजवी काडी विसरा.

नवशिक्याची चूक अशी की भीतभीत इंचभर उचलतात. जमिनीलगत पंख्याची हवा फरशीवर आपटून उशीसारखी साठते, तिच्यावरून हेलिकॉप्टर तेल लावल्यासारखं घसरतं आणि सोफ्याखाली जातं. म्हणून न कचरता वीतभराच्या वर न्या, गुडघ्याएवढं. तिथे ते बरंच शांत होतं. तरीही हळूहळू वळत असेल तर रिमोटवरचं ट्रिमचं बटण (आपोआप वळणं थांबवायला बारीक फेरफार करणारं) थोडं थोडं उलट बाजूला, थांबेपर्यंत. पण आधी केस आणि दाते बघा, मग ट्रिम. मी दोन दिवस ट्रिमशी झटत बसले होते आणि दोष होता माझ्या वेणीचा. फार वरही नेऊ नका, छताजवळ गेलं की ते छताकडे ओढलं जातं आणि पाती घासतात.

काडी हलवायची ती तांदळाच्या दाण्याएवढी. खाली येतंय म्हणून जोरात वर ढकललं की छत, घाबरून सोडलं की फरशी, पहिला दिवस असाच जातो. भिंत जवळ आली की मात्र एकच नियम: डावी काडी शून्यावर. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून त्याला सहसा काही होत नाही. मोडतं ते भिंतीला टेकूनही पंखे फिरवत ठेवल्याने, आणि तेव्हाच ती इवली दातेरी चाकं सोलली जातात. तुमचं कपाटावर तेच झालं असणार.

मग वळायला शिका. त्याचं तोंड तुमच्याकडे झालं की डावं-उजवं उलटं वाटतं आणि भलेभले गडबडतात. मुलीला म्हणावं, ते जिकडे बघतंय तिकडेच तोंड करून त्याच्या मागे मागे चाल. शोभत नाही, पण उपयोग होतो. माझा भाचा हसायचा, मी चालत राहिले.

उतरवताना शेवटच्या वीतभर अंतरात तीच हवेची उशी पुन्हा भेटते. काडी एकदम सोडली तर धप्पकन बसतं, धरून ठेवली तर घसरत जातं. मी फरशीवर जेवणाचा पाट ठेवून त्यावर उतरवायचा सराव करते. दहातून तीनदा जमतं, तेही भाचा बघत नसताना.