रविवारी पेशींना खायला कोण घालणार?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी तिचे आजोबा जिभेच्या कॅन्सरने गेले आणि तेव्हापासून ‘गाठींच्या उपचारावरच संशोधन करणार’ असा तिने धोशा लावलाय. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. तुम्ही विचारता, या वाटेवर पोट भरतं का?

भरतं, पण उशिरा. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही.

आता कामाबद्दल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, कॅन्सर ओळखायला शिकवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे जमलं, कारण त्या पेशींवर सीडी१९ ही खूण असते आणि सोबत तीच खूण असलेल्या निरोगी बी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) मेल्या तरी माणूस निभावतो. आजोबांच्या जिभेवर होती तशा घट्ट गाठीचं तसं नाही. तिच्यावरची खूण बहुधा निरोगी अवयवांवरही सापडते. भोवती तंतूंचं कुंपण, आत प्राणवायू कमी, आणि कशाबशा आत पोचलेल्या टी-पेशी थकून जातात. अमेरिकेत २०२४ मध्ये सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मिळ गाठीसाठी अशा बदललेल्या टी-पेशींना मंजुरी मिळाली. दार आत्ताच कुठे किलकिलं होतंय. तुमच्या लेकीच्या पिढीसाठी खूप काम उरलंय, आणि मला ते मोलाचं वाटतं.

पण रोजचं काम कसं असतं ते तिने बघायला हवं. पेशी ३७ अंशांवर, गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढतात. मीडियम पिवळं पडू लागलं की बदलायचं, मग रविवार असो की दिवाळी. माझ्या एका विद्यार्थिनीने तीन महिने जपलेल्या पेशी एका सकाळी गढूळ दिसल्या. जंतू शिरले होते. सगळं फेकून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आजोबांचं दुःख मुलीला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेईल. अशा सकाळी टिकायला मात्र ‘हे असं का झालं?’ या प्रश्नाची गोडी असावी लागते.

म्हणून आधी एक उन्हाळा. तीन विज्ञान अकादमींची संयुक्त समर फेलोशिप आहे, तिला अर्ज करायला सांगा. शिवाय खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र आणि पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र इथल्या शास्त्रज्ञांचं काम वाचून तिने स्वतः ईमेल लिहावी. एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नये.

परत आल्यावर जेवताना ती फसलेल्या प्रयोगाबद्दलच बोलत राहिली, तर जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरा. नुसतं थकल्याचं सांगितलं, तरी उन्हाळा वाया गेला असं समजू नका. रुग्णालयांच्या तपासणी प्रयोगशाळांत आणि औषधांच्या चाचण्यांच्या कामातही तिला जागा आहे. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला कळवा.