बाईक बसेल, हिशेब बसत नाही

पत्राचा गोषवारा आधी देतो. वय ४१, उंची सहा फूट एक इंच. २००८ ची सुझुकी जीएसएक्स-आर६००, पहिल्यापासून स्वतःकडे. हल्ली तासाभरातच गुडघे आणि मनगटं कुरकुरायला लागतात. तिच्या जागी जरा ऐसपैस, आजच्या काळातली स्पोर्ट्स बाईक हवी आहे. जीएसएक्स-८आर घ्यावी की जीएसएक्स-एस१०००जीटी? मन जीटीवर जडलंय. पत्नीने नोकरी सोडली आहे, मुलं ९ आणि ५ वर्षांची, घराचं कर्ज चालू. पैशांची सोय 'झालेली आहे', तेव्हा फक्त बाईक कुठली ते सांगा.

सांगतो. पण 'झालेली सोय' वाचून मी पेन खाली ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

तुमचे सगळे आकडे मी महिन्याच्या हातात पडणाऱ्या पगारात मोजतो, म्हणजे बाकीच्या वाचकांना आपापला पगार घालून बघता येईल. जीटी १२ पगारांची. ८आर ८ पगारांची. जुनीचे २ येतील. बँकेत ५ आहेत, ते सगळे घालणार. उरलेले ५ विमा पॉलिसीवर कर्ज काढून. त्या कर्जाचं व्याजही भरायचं नाही, कारण एजंट म्हणाला, 'चार वर्षांनी पॉलिसी पिकेल तेव्हा वळतं होईल, तोपर्यंत डोक्याला ताप नाही.' हाती ३० पगार येणार, कर्ज वजा जाऊन उरलेल्यातून घराच्या कर्जाचा मोठा लचका तोडणार. अशी सोय.

हे ३० कुठून आले? वर्षाला १ पगार हप्ता, १५ वर्षं, त्यातले ११ हप्ते भरून झालेत. पॉलिसीची विमा रक्कम १५ पगार. तुम्हीच पाठवलेल्या पत्रकात आजवर जमलेला बोनस साडेचार पगार. याच दराने आणखी चार वर्षांत दीड जमेल. झाले २१. एकवीस! तीस नव्हे. एजंटने विकताना जो रंगीत तक्ता दाखवला, त्यातल्या आशावादी रकान्यातला तो आकडा आहे, आणि त्या रकान्याखाली बारीक अक्षरांत 'हमी नाही' असं छापलेलं असतं. २१ म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. ३० मिळायला आठाच्या वर लागले असते. अकरा वर्षांत एकदाही ही बेरीज कुणी केली नाही, याचं मला नवल वाटत नाही. ती कुणी करू नये अशाच बेताने ही पॉलिसी विकली जाते.

आता कर्ज. पत्रकावर दर १० टक्के आहे. ५ पगारांचे, व्याज न भरता, चार वर्षांनी ७.३ होतात. २१ मधून ते गेले की हातात पावणेचौदाच्या आसपास. तुम्ही मनात धरलेत बावीस-तेवीस.

हे झालं सगळं सुरळीत गेलं तर. तुम्ही न विचारलेला प्रश्न असा, की नाही गेलं तर? पॉलिसीवरचं कर्ज आणि त्याचं व्याज मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेतूनही कापलं जातं. समजा तिसऱ्या वर्षाअखेरीस काही बरंवाईट झालं. विमा रक्कम आणि बोनस मिळून साडेवीस, त्यातून कर्जाचे साडेसहा गेले, पत्नीच्या हातात चौदा. घराचं कर्ज आज ६० आहे, तेव्हाही ५० च्या खाली येणार नाही. कंपनीचा गट विमा २४ पगारांचा आहे म्हणता, तोही नोकरी आहे तोवरच. तो धरूनही घराचं कर्ज फिटत नाही, मुलांची शाळा तर पुढचीच गोष्ट. बँकेतले पाच तुम्ही टाकीत ओतलेले. आणि हे सगळं कशासाठी, तर एक हजार सीसीच्या बाईकसाठी, जी वर्षातून दोनदा शर्यतीच्या ट्रॅकवरही न्यायची आहे. अहो, ज्या कागदावर कुटुंबाचा सगळा भरवसा आहे, तोच गहाण टाकून तुम्ही जोखीम विकत घेताय.

तुम्हाला विमा आहे असं वाटतं. तुमच्याकडे आहे ती महागडी बचत, तिला विम्याचं शेपूट जोडलेलं.

लागतो किती? घराचे ६०, आणि घरखर्चाला महिन्याला अर्धा पगार, पंधरा वर्षं, म्हणजे ९०. दीडशे. महागाई आणि गुंतवणुकीचा परतावा एकमेकांना खातात असं धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण चौदा आणि दीडशे यांत दशांश चिन्हाने फरक पडत नाही. साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. जिवंत राहिलात तर काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला वर्षाला अर्ध्या पगाराच्या आसपास धरून चाला. 'हप्ते परत मिळणारा' प्रकार दाखवला तर उठून या. अर्जात ट्रॅकवर जाता हे लिहा. हप्ता वाढला तर वाढू दे. लपवलंत तर नेमका दावा करायच्या वेळी तो प्रश्न निघेल. जाता जाता, बहुतेक वाहनविम्यांत शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान वगळलेलं असतं. बाईकचा कागद त्या नजरेने वाचा.

एवढं ऐकल्यावर तुम्हाला ती जुनी पॉलिसी मोडावीशी वाटेल. मोडू नका. आज सरेंडर केलीत तर ९ पगार मिळतील. ते नऊ सोडून दिले आणि उरलेले चार हप्ते भरले, तर चार वर्षांनी २१. इथून पुढचा परतावा वर्षाला साधारण चौदा टक्के पडतो, कारण मार सगळा आधीच खाऊन झालाय. तिसऱ्या वर्षी विचारलं असतंत तर मी उलट सांगितलं असतं.

बाईक. गंमत बघा, तुमची जुनी, ८आर आणि जीटी, तिघींची सीटची उंची कागदावर ८१० मिमी. तेव्हा तो आकडा बघून काही कळायचं नाही. गुडघा किती दुमडतो हे सीट आणि फुटपेग (पाय ठेवायचे दांडे) यांच्यामधल्या अंतरावर ठरतं, मनगटावर किती भार येतो हे हँडल किती उंच आणि जवळ आहे त्यावर. ८आर ही ७७६ सीसीची, दोन सिलिंडरची, खालच्या आरपीएमलाच ओढणारी. जीटीचं इंजिन २००५ च्या जीएसएक्स-आर१००० च्या घराण्यातलं, वजन २२६ किलो, टाकी १९ लिटरची, ८आरची १४. दूरच्या प्रवासाला, मागे माणूस बसवून, जीटी निर्विवाद सरस. पण तुमच्या पत्रात दूरचा प्रवास वर्षातून एकदा आहे, आणि मागे कुणी बसल्याचा उल्लेखच नाही. बारा पगार त्या एका प्रवासाला?

८आर घ्या, आणि दोन वर्षं वापरलेली घ्या. नवेपणाचा मोठा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो; सहा पगारांत जमायला हवी. महिन्याला पगाराचा तिसरा हिस्सा उरतो म्हणता. पंधरा महिन्यांत पाच झाले, टर्म प्लॅनच्या दोन हप्त्यांत एक गेला, उरले चार, जुनीचे दोन. बँकेतल्या पाचांना हात नाही, कर्ज नाही. घेण्याआधी ८आर आणि जीटी दोन्हींवर वीस मिनिटं, तुमच्या नेहमीच्या बुटांत, बसून बघा.

मधले पंधरा महिने जुनीवरच काढायचेत. तिचे फुटपेग तीन जागी बसवता येतात. ते आधीच सगळ्यात खाली आहेत का बघा. नसतील तर पाना घेऊन अर्धा तास, फुकट. हँडल थोडं वर घेणारे तयार क्लिप-ऑनही (हँडलचे सुटे दोन दांडे) मिळतात. 'टायरची नक्षी अजून शाबूत आहे' असं लिहिलंत. नक्षी राहू दे, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे इतके जुने निघाले तर ट्रॅकचा बेत टायर बदलल्यावर.

विमा कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागवा: आजची सरेंडर व्हॅल्यू, आजवरचा बोनस, कर्जाचा दर. एजंटमार्फत नको, थेट. कर्जाचा अर्ज दिला असेल तर पैसे खात्यात यायच्या आत मागे घ्या.