नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यांत बायकांना रात्रपाळी द्यावी का? समानता महत्त्वाची की संरक्षण?

द्यावी. नको असेल तिच्यावर लादू मात्र नये.

१९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६ बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात काम करू द्यायचं. हेतू संरक्षणाचा, पण रात्रपाळीचा जादा पैसा पुरुषांच्याच खिशात. घटनेचं कलम १५(३) स्त्रियांसाठी खास तरतूद करू देतं, पण त्याच्या आडून बाईचं काम हिरावणं वेगळं. मद्य मिळतं तिथे बायकांना नोकरी नाकारणारी पंजाब अबकारी कायद्यातली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये (अनुज गर्ग खटला) घटनाबाह्य ठरवली, ती याच मुद्द्यावर.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ संमतीने रात्रपाळी करू देतं, सुरक्षेच्या अटींसह. खरी मेख 'संमती'त आहे. कंत्राटी बाई ठेकेदाराला नाही म्हणेल? म्हटलं तर पुढच्या महिन्यात तिचं नाव हजेरीपटावर राहील याची हमी काय? आणि कंपनीची गाडी वर्धा रोडला चौकात सोडून जाणार असेल, तर रात्री २ वाजता तिथून घरापर्यंत कोण सोडणार? गाडी दारापर्यंत येईल हे आधी लेखी घ्या, मग सही करा.